सोळावा पतंग

मृणालिनीबाई साठ्यांचा पतंगाशी संबंध आला तो स्तोत्रामुळे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर कुणी त्यांच्याविषयी भलतंसलतं मनात आणायला नको. सोमवारची पूजा चालली होती, फोनवर शंकराचं स्तोत्र लावलं होतं, आणि स्तोत्र ऐन भरात असताना मधेच जाहिरात आली. निळं आकाश, लाल पतंग, खाली दोन बटणं. जाहिरात बंद करायची फुली कोपऱ्यात होती, पण ती इतकी बारीक, की मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या बाईला मुंगी वाटावी. मृणालिनीबाईंनी कुंकवाच्या बोटानं मुंगी बाजूला सारली. फोन म्हणाला, ‘अभिनंदन. आपले खाते उघडले आहे. ही आपली स्वागताची भेट.’

आता पूजेच्या पाटावर बसलेलं असताना, न मागता जे हातात येतं त्याला काय म्हणायचं? प्रसाद नाकारू नये एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी फोनला नमस्कार केला आणि पुढची बेलाची पानं वाहिली.

तरी हे तिथंच थांबलं असतं. थांबलं नाही ते उद्यापनामुळे.

सोळा सोमवारांचं व्रत संपत आलं होतं. उद्यापन त्यांनी मनाशी अगदी साधं ठरवलं होतं. सतराव्या सोमवारी कणकेचा चुर्मा करायचा, त्यात तूप-गूळ घालायचा, त्याचे तीन भाग करायचे; एक देवळात, एक वाटायला, एक घरच्यांना. त्यासाठी आपल्या स्वतःच्या छोट्या खात्यात त्यांनी थोडेथोडे पैसे बाजूला टाकले होते. ते पैसे देवाचे. त्यांना भाजीसाठीही हात लावायचा नाही असा त्यांचा नेम होता.

पण मुलुंड पूर्वेच्या त्या जुन्या इमारतीत कुणाचंही काही साधं राहत नाही. खालच्या मजल्यावरच्या चंपाबेन खाखऱ्याचा डबा घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "बेन, सोळा सोमवार केले तर सोळा जोडप्यांना जेवायला नको? शंकर भगवान बोलेल, ही बाई शेवटी काटकसर करते."

"पण पोथीत तर नुसता चुर्मा..."

"पोथी जुनी झाली ना. तेव्हा कॅटरर कुठे होते?"

ही गोष्ट सोसायटीचे सेक्रेटरी दत्ताराम परब यांच्या कानावर गेली. त्यांनी लगेच गच्ची देऊ केली, मांडवासकट. त्यांची बायको रत्नप्रभा म्हणाली, श्रीखंडापेक्षा बासुंदी बरी, हवेत गारवा आलाय. कॅटररनं बासुंदी लिहून घेतली. कुणी पुरी सुचवली, कुणी वडे. मृणालिनीबाई हळू आवाजात ‘नको’ म्हणायच्या, पण त्यांचं ‘नको’ ऐकू जाईपर्यंत पुढचा पदार्थ ठरलेला असायचा. सोळा जोडप्यांना आमंत्रण गेलं, आणि तेही त्यांच्याच तोंडून, कारण यजमानीण दुसरी कोण? देवाचे म्हणून बाजूला ठेवलेले पैसे आता बासुंदीपर्यंतच पोचत होते. वड्यांना काही उरत नव्हतं.

नवऱ्याला सांगायचा मार्ग होता. पण श्यामसुंदररावांची त्यांना फार भीती वाटे, आणि ते कधीच रागवत नसत हे तिचं कारण. विमा कंपनीत जन्म काढलेला माणूस. काही चुकलं की ते फक्त चष्मा काढायचे आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायचे. जितकी चूक मोठी तितका वेळ पुसायचे. एकदा गॅस चालू राहिला होता तेव्हा त्यांनी काच इतकी पुसली होती, की मृणालिनीबाईंना वाटलं, यापेक्षा दोन थोबाडीत द्याव्यात.

तर अशा अडचणीत त्यांना प्रसादाची आठवण झाली.

खेळ समजायला सोपा होता, हेच त्यातलं वाईट. पैसे लावायचे. पतंग चढू लागतो, आणि त्याच्या शेजारचा आकडा वाढत जातो. दीड, दोन, तीन. आपण ‘उतरवा’ दाबलं, की त्या क्षणी जो आकडा असेल तितके पट पैसे आपले. पण पतंग कधीही कापला जातो. एकावर कापला जातो, पन्नासावरही जातो. त्याआधी उतरवला नाही, तर लावलेलं गेलं. बस्स, एवढंच. लगेच पुढचा पतंग तयार.

याला जुगार म्हणावं असं मृणालिनीबाईंना वाटलं नाही. जुगार म्हणजे पत्ते, विडीचा धूर आणि गंजीफ्रॉकातली माणसं. इथे तर वरच्या बाजूला मागच्या पतंगांचे आकडे ओळीनं मांडून ठेवलेले. दहाच्या आतले निळे, दहाच्या वरचे गुलाबी. खाली ‘आकडेवारी’ म्हणून वेगळं पान, त्यात कालचे, परवाचे सगळे. वर लिहिलेलं, ‘मागचे निकाल अभ्यासा, हुशारीने खेळा.’ ज्यांना लबाडी करायची ते आपला मागचा हिशेब असा भिंतीवर लावतील का? देवळात देणगीदारांची नावं संगमरवरावर कोरतात त्यातलाच हा प्रकार. मृणालिनीबाईंचा विश्वास बसला. शिवाय अभ्यास करा असं सांगणारी गोष्ट वाईट कशी असेल?

त्यांनी अभ्यास केला. एका सकाळी कुकरच्या शिट्टीची वाट बघता बघता ती ओळ मोजली, आणि त्यांच्या अंगावर काटा आला. एक गुलाबी, मग निळे, निळे, निळे, आणि परत गुलाबी. मधले निळे होते पंधरा. गुलाबी झाला तो सोळावा.

त्यांनी पुन्हा मोजले. पंधराच.

दुसऱ्या कुणाला यात काही दिसलं नसतं. पण ज्या बाईनं आयुष्यभर सोमवार, चतुर्थ्या आणि एकादश्या मोजल्या तिला दिसायचं ते दिसलं. पतंग व्रत करत होता. पंधरा वेळा उपाशी राहत होता, दोनावर तीनावर समाधान मानत होता, आणि सोळाव्याला त्याला फळ मिळत होतं. निळ्यांना त्या मनातल्या मनात ‘उपासाचे’ म्हणू लागल्या आणि गुलाबीला ‘पारण्याचा’. इतके उपास झाल्यावर पारणं येणार नाही, असं कुठल्या शास्त्रात आहे?

मोजायला त्यांच्याजवळ माळ होतीच. नेमाची एक माळ सकाळी होऊन गेली, की दुसऱ्यांदा माळ हातात घ्यायची आणि प्रत्येक पतंगाला एक मणी ओढायचा. गुलाबी आला की परत पहिल्यापासून. आकडे लिहून ठेवण्यापेक्षा हे बरं. कुणी बघितलं तरी काय, माळच तर आहे.

खरी पंचाईत जागेची झाली. देवघरात हे करणं शक्य नव्हतं. हॉलमध्ये गुरूंचा फोटो, तोही असा टांगलेला की कुठूनही आपल्याकडेच बघतोय असं वाटावं. स्वयंपाकघरात अन्नपूर्णा. निजायच्या खोलीत दोन्हीकडच्या सासू-सासऱ्यांच्या तसबिरी. फ्रिजवरसुद्धा चिकटवायचा गणपती होता. त्यांनी एकदा त्याचं तोंड दाराकडे फिरवून पाहिलं आणि संध्याकाळी पाया पडून परत सरळ केलं. न्हाणीघरात देव नव्हते, पण तिथे नेटवर्क नव्हतं. राहिली गॅलरी. गॅलरीत नेटवर्क उत्तम येई आणि समोर फक्त पाण्याची टाकी. फोन पोथीच्या रेशमी रुमालात ठेवायचा, कानात एका बाजूनं इअरफोनची बारीक वायर, हातात माळ, नजर खाली. कुणी हाक मारली तर नुसता हात वर करायचा, नाहीतर मोजणी चुकते.

पहिल्यांदा त्यांनी अगदी थोडे लावले. सोळावा पतंग चढला, दोनावर गेला, आणि मृणालिनीबाईंचं धाबं दणाणलं. त्यांनी उतरवला. पतंग पुढे दहाच्या वर गेला आणि गुलाबी झाला. म्हणजे मोजणी खरी होती, खोटी ठरली होती त्यांची श्रद्धा. याचा त्यांना फार पश्चात्ताप झाला. देव द्यायला उभा असताना आपण अर्ध्यातून हात मागे घेतला. पुढच्या वेळेपासून दहाच्या आत उतरवायचं नाही, असा त्यांनी नेम केला.

नेम केल्यापासून पतंग ऐकेनासा झाला.

सोळावा तीनावर कापला गेला. मृणालिनीबाईंनी विचार केला आणि कारण सापडलं. मधे दाराची घंटा वाजली होती, मोजताना मन विटाळलं होतं. परत मोजलं. सोळावा एकावरच कापला गेला. असं कसं? मग लक्षात आलं, उद्यापन सोळाव्याला नसतंच, सतराव्याला असतं. सतराव्यावर लावले. तोही गेला. मग वाटलं, माळेचा मेरुमणी ओलांडला गेला असेल. पुढे एकदा सहावाच गुलाबी आला. त्यांनी त्याला मागच्या जन्मीचं पुण्य म्हणून सोडून दिलं. एकदा तिसावा झाला तरी येईना, तेव्हा मात्र त्यांना त्याची दया आली. बिचारा किती उपाशी राहिला असेल. आता तर येणारच, असं म्हणून त्यांनी जास्त लावले.

जितक्या वेळा नियम मोडत होता तितक्या वेळा त्या नियमाला नवं पोटकलम लावत होत्या, आणि प्रत्येक पोटकलमाबरोबर देवाच्या पैशांतला एक घास जात होता. रात्री त्यांना झोप लागेना. श्यामसुंदरराव शेजारी शांत झोपलेले. त्यांच्या उशाशी चष्मा. तो दिसू नये म्हणून मृणालिनीबाई कूस बदलत.

इकडे इमारतीत वेगळंच चाललं होतं. गॅलरीत बसलेली, डोळे खाली, हातात माळ, न बोलणारी बाई समोरच्या विंगमधून रोज दिसत होती. उद्यापन तोंडावर आलंय म्हणून साठेकाकूंनी मौन धरलंय, अनुष्ठान बसलंय, अशी बोलवा उठली. कशासाठी, याचं उत्तर दत्ताराम परबांनी आपलं आपणच शोधलं. इमारत पाडून नवी बांधायची फाईल कधीची कुठल्याशा टेबलावर अडकली होती. जिन्यातलं प्लास्टर पडत होतं, तिसऱ्या मजल्यावर खांबाला भेग गेली होती. आणि नेमकी त्याच आठवड्यात ती फाईल त्या टेबलावरून शेजारच्या टेबलावर गेली.

दत्ताराम पेढे घेऊनच वर आले. आनंद झाला की ते थेट मालवणात पोचत.

"वैनी, फाईल हलली. ह्यां तुमच्या जपाचां फळ."

मृणालिनीबाईंच्या हातातून मणी सुटला. "नाही हो दत्तारामभाऊ, मी तर..."

"तुमी काय बोलूच नकात. मौन मोडात. फक्त मधी सोडू नकात हां. आमची घरां आता तुमच्या मण्यार आसत." आणि साठीच्या माणसानं वाकून नमस्कार केला.

त्या नमस्कारानं मृणालिनीबाई आतून पार हादरल्या. पैसे जातात तेव्हा माणूस निदान एकटा घाबरतो. इथे सगळी इमारत खांबासकट त्यांच्या माळेला टांगली होती, आणि त्या माळेच्या दुसऱ्या टोकाला कागदाचाही नसलेला पतंग. त्यांनी ठरवलं, पुरे झालं. उरलंय ते काढून घ्यायचं, कॅटररला बासुंदी रद्द करायला सांगायची, आणि सोमवार कसाबसा साजरा करायचा.

पण पैसे घालायला जे दार उघडं होतं ते काढायला बंद निघालं. ॲपमध्ये एक मदतनीस होता, चंद्रप्रकाश नावाचा. तो माणूस होता की मशीन हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण अदब त्याला फार. चंद्रप्रकाश म्हणाला, पॅनकार्डाचा फोटो पाठवा. पाठवला. म्हणाला, यावर ‘साठ्ये’ आहे, बँकेत ‘साठे’ आहे. आपण नक्की कोण? मृणालिनीबाईंनी सविस्तर कळवलं की दोन्ही त्याच, लग्न झालं तेव्हा बँकेतल्या कारकुनाला घाई होती. चंद्रप्रकाशनं संयमाबद्दल आभार मानले आणि चेहऱ्याचा फोटो मागितला, पॅनकार्ड गालाशी धरून. ‘आता डोळे मिटा. आता उघडा. आता हसा.’ त्यांना हसू काही केल्या येईना. चंद्रप्रकाश म्हणाला, चेहरा जुळत नाही. शेवटी जुळला, तेव्हा त्यानं नियम दाखवला. आपण स्वागताची भेट स्वीकारली आहे, त्यामुळे खात्यातली सगळी रक्कम आधी पतंगावर फिरवावी लागेल. फिरवून उरली तर काढता येईल.

म्हणजे प्रसाद उसना होता.

त्यातच टीव्हीवर सांगितलं, की पैसे लावून खेळायच्या अशा खेळांना सरकारनं बंदी घातली आहे, आणि तरी परदेशात बसून काही लोक ते चालवतात. श्यामसुंदरराव बातम्या बघत म्हणाले, "कोण खेळत असेल गं हे?" मृणालिनीबाई उठून आत गेल्या आणि नसलेल्या कुकरच्या शिट्ट्या मोजत उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून जिन्यात बुटांचा आवाज आला की त्यांना पोलीस दिसायचे. एकदा खरंच खाकी कपड्यातला माणूस दारात आला. त्यांनी हात जोडले. तो कुरियरवाला होता, सही मागत होता.

शेवटी चंपाबेननी पाहिलं. उद्यापनाला चारच दिवस उरले असतील. ‘तुमचे पाय धरते बेन’ असं म्हणत चंपाबेन गॅलरीत वाकल्या, आणि वाकलं की माणसाचं डोकं नेमकं मांडीवरच्या पोथीच्या उंचीला येतं. रेशमी रुमाल सरकला होता. आत पतंग चढत होता.

चंपाबेन बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग उठल्या आणि तडक खाली गेल्या. मृणालिनीबाईंनी त्या दुपारी देवापुढे पडदा ओढला आणि वाट बघत बसल्या. आता इमारतीत बोभाटा होणार. दत्ताराम पेढे परत मागतील. जोडपी येतील ती जेवायला नाही, बघायला.

चार वाजता चंपाबेन परत आल्या. दार लावून घेतलं, कडीही लावली. कमरेच्या बटव्यातून स्वतःचा फोन काढला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "कितव्याला लावायचं, बेन?"

"काय?"

"मला सांगा ना. मी कुणाला नाय बोलणार. माझा राजेश चोरून खेळतो हे, सगळे घालवून बसलाय. त्याला गणित नाय येत. तुमाला तर भगवान मोजून देतो. मी स्वतः बघितलं, तुमी मणी ओढला आणि तो गुलाबी झाला." त्यांनी हात जोडले. "खाखऱ्याचे सगळे पैसे ठेवलेत मी यात. तुमी फक्त नंबर सांगा."

आतापर्यंत मृणालिनीबाईंना पकडलं जायची भीती वाटत होती. ती किती लहान होती हे त्यांना आत्ता कळलं. ही बाई पहाटे उठून खाखरे लाटते. तिच्या मनगटावर तव्याचे डाग आहेत. आणि ती त्यांच्याकडे देवळात बघावं तसं बघत होती.

"चंपाबेन, मला काही कळत नाही त्यातलं. माझे जवळजवळ सगळे गेले."

"असं बोलतात मोठी माणसं."

"खरंच गेले हो. उद्यापनाचे."

"मग एवढं मोजून काय करत होत्या?"

समजावून हे चंपाबेनच्या डोक्यातून जाणार नाही, हे मृणालिनीबाईंना दिसत होतं. त्यांच्या स्वतःच्या तरी कुठे गेलं होतं? त्यांनी पोथी आणली, रुमाल सोडला, फोन पाटावर सरळ उघडा ठेवला आणि म्हणाल्या, "बसा. माझे जे काही उरलेत ते मी सोळाव्यावर लावते. तुमच्या डोळ्यांसमोर जातील. मग तरी तुम्ही तुमचे काढाल ना?"

दोघी बसल्या. माळ मधे. एकेक निळा येत गेला, एकेक मणी सरकत गेला. चंपाबेनही बरोबर मोजत होत्या, गुजरातीत. पंधरा झाले. मृणालिनीबाईंनी उरलेलं सगळं लावलं, डोळे मिटले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच देवाकडे स्वतःचं नुकसान मागितलं. महादेवा, हा लवकर काप. एकावर काप.

पतंग चढला.

दोनावर गेला. तीनावर. ‘आता कापला जाईल,’ मृणालिनीबाई म्हणाल्या. पाच. सात. नऊ. आकडा गुलाबी झाला तेव्हा चंपाबेननी त्यांचा दंड धरला. "बेन. बेन, उतरवा."

मृणालिनीबाईंचा अंगठा बटणावर गेला. त्यांनी पटकन हिशेब केला; हिशेब करायचा नाही म्हटलं तरी मन करतंच. गेलेलं सगळं परत येत होतं. बासुंदीसुद्धा. आणखी थोडा चढला तर वडेही. नुसतं बोट टेकवायचं. मग श्यामसुंदररावांना काही सांगायला नको, सोळा जोडपी पोटभर जेवतील. आणि चंपाबेन खाली जाऊन खाखऱ्याचे सगळे पैसे पुढच्या सोळाव्यावर लावतील. राजेशलाही सांगतील. राजेश अजून कुणाला. आणि ही माळ मग आपल्या हातातून कधी सुटायची नाही.

जिंकायची इतकी भीती वाटू शकते हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी अंगठा उचलला आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

त्याच वेळी जिन्याकडच्या खिडकीतून आवाज आला. "अगं, दाराला कडी का?" श्यामसुंदरराव भाजी घेऊन आले होते. चंपाबेननी पतंगावरची नजर न काढता जाऊन कडी काढली आणि धावत परत आल्या. श्यामसुंदरराव दुधीची पिशवी हातात घेऊन पाटामागे उभे राहिले.

"वा," ते म्हणाले. "पतंग छान चढलाय."

"भाई, तुमी सांगा त्यांना, उतरवा बोला," चंपाबेन रडकुंडीला आल्या होत्या.

"कशाला उतरवायचा? राहू दे की वर."

वीस झाले. पंचवीस. मृणालिनीबाईंनी पदराखाली एका हातानं दुसरा धरून ठेवला होता, आणि दुसरा सुटायला बघत होता. तिसाच्या पुढे कधीतरी, काही कारण नसताना, पतंग कापला गेला. पडदा क्षणभर रिकामा. मग पुढचा पतंग चढला आणि एकावरच पडला. त्याला मागच्याची काही खबरच नव्हती.

"बघितलंत?" मृणालिनीबाई म्हणाल्या. "तो मागचं काही लक्षात ठेवत नाही, चंपाबेन. प्रत्येक पतंग नवा. आधीच्यानं केलेले उपास त्याला लागू होत नाहीत. मोजतो ते आपणच."

चंपाबेन शेवटी व्यापाऱ्याच्या घरातली बाई. त्या म्हणाल्या, "एवढा भाव दाखवला आणि हातात काय नाय. हे दुकान नाय, बेन." त्यांनी स्वतःच्या फोनवर तिथल्या तिथे पैसे परत मागितले. त्यांनी स्वागताची भेट घेतली नव्हती. फुकटची वस्तू ठेवून घ्यायची त्यांच्या घरात रीत नव्हती. चंद्रप्रकाशनं त्यांना डोळे मिटायला, उघडायला आणि हसायला लावलं. चंपाबेन पहिल्याच फटक्यात हसल्या.

त्या गेल्यावर घरात दोघंच उरले. मृणालिनीबाईंनी सगळं सांगितलं. स्तोत्र, मुंगी, प्रसाद, उपास, पारणं, देवाचे पैसे. सांगताना त्या फरशीकडे बघत होत्या. वर बघितलं तेव्हा चष्मा निघालेला होता आणि सदऱ्याचं टोक काचेवर फिरत होतं. फिरत राहिलं. मृणालिनीबाईंनी पदर तोंडाला लावला.

"म्हणजे," श्यामसुंदरराव शेवटी म्हणाले, "सोमवारी गच्चीवर बत्तीस माणसं नाहीत?"

"नाहीत."

"आणि मला सोवळं नेसून त्यांना वाढायचं नाही?"

"नाही."

"मग बरंच झालं की." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. काच अजून ओलीच होती. "मृणाल, मी नोकरीभर घाबरलेल्या माणसांची पत्रं वाचली. त्यांच्यात एक सारखं असायचं. सगळ्यांनी फार उशिरा लिहिलेलं असायचं. तू पुढच्या वेळी लवकर सांग. मी चष्मा पुसणार नाही."

"तुम्ही पुसता म्हणूनच तर..."

"धूळ असते गं."

दुसऱ्या दिवशी मृणालिनीबाई स्वतः घरोघर गेल्या. जेवण रद्द झाल्याचं सांगितलं, आणि का झालं तेही. सगळ्यात शेवटी दत्तारामांकडे. दारातच उभं राहून, एका दमात, नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात त्या म्हणाल्या, "दत्तारामभाऊ, तुमची फाईल माझ्यामुळे हललेली नाही. मी जप करत नव्हते. जुगार खेळत होते. उद्यापनाचे पैसे हरले."

दत्तारामांचे डोळे भरून आले. "रत्ना," त्यांनी आत हाक मारली, "इकडे ये, आयक. लोका पुण्य स्वतःच्या नावार घेतत, आणि हे वैनी बघ, आपल्या नावार पाप घेतत. असो नम्रपणो मी गावातल्या साधूतपण नाय बघूक."

मृणालिनीबाईंनी पुन्हा सांगितलं. पतंगाचा रंग सांगितला, चंद्रप्रकाशचं नाव सांगितलं. प्रत्येक वाक्याला दत्ताराम आणखी वाकत गेले.

सोमवारी पहाटे त्यांनी कणीक भाजली. तूप आणि गूळ श्यामसुंदररावांच्या पैशातून आले होते. देवाचं देवाला देणं मी भरतो, असं ते म्हणाले होते. चुर्म्याचे तीन भाग झाले. कहाणी वाचून झाली. शेवटी वर मागायचा असतो. दर वेळी त्यांच्याकडे मागायला बरंच काही असे, पण त्या दिवशी त्यांनी नुसते हात जोडले. मग म्हणाल्या, महादेवा, पुढचं काही कळू देऊ नकोस मला.

बाहेर घंटा वाजली. दचकायची सवय अजून गेली नव्हती. त्या दचकल्या, मग उठल्या. दारात दत्ताराम होते, नवं धोतर नेसलेले, हात जोडलेले.

"वैनी, एकच इचारतंय. नव्या टेबलावरसून फाईल कधी सुटात?"

मृणालिनीबाईंना कितीतरी दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. त्या स्वच्छ, ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "मला माहीत नाही. मला काहीसुद्धा माहीत नाही, दत्तारामभाऊ. बसा, चुर्मा खा."

दत्ताराम बसले. दोनदा मागून घेऊन खाल्ला, हात धुतले, आणि खाली जाऊन वाट बघत उभ्या असलेल्या मंडळींना सांगितलं, "नाय म्हणूक नाय हां. वैनी ‘नाय सुटाची’ असा एकदापण म्हणूक नाय."